पीटभूमीचे आराखडे लिहिणाऱ्यांना खुले पत्र: आधी पाण्याची पातळी लिहा

प्रति,
युरोपीय संघाच्या सदस्य देशांत निसर्ग पुनर्स्थापनेचे राष्ट्रीय आराखडे तयार करणारे अधिकारी व त्यांचे सल्लागार, तसेच ते आराखडे तपासणारा युरोपीय आयोग यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या कोणत्याही देशात मला मत नाही, जमीन नाही, की कर भरल्याची पावती नाही. तरी हे पत्र लिहितो आहे, आणि तेही मराठीत. जमिनीतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड साधारण वर्षभरात साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. तेव्हा आपल्या आराखड्यातले पीटभूमीचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराने बनलेल्या दलदलीच्या जमिनीचे, पान वाचण्याचा आणि त्यावर बोलण्याचा हक्क दूरच्या माणसालाही आहे, असे मी धरून चालतो.

१७ जून २०२४ रोजी पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेत निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा काठावर मंजूर झाला. ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी सत्तेतल्या भागीदार पक्षाचा रोष ओढवून घेत बाजूने मत दिले, म्हणून तो तरला. फिनलंड, स्वीडन, पोलंड, नेदरलँड्स, इटली आणि हंगेरी यांनी विरोध केला. त्यांतल्या पहिल्या चार देशांच्या जमिनीत पीट भरपूर आहे, हा निव्वळ योगायोग नसावा. १८ ऑगस्ट २०२४ पासून कायदा लागू झाला आणि राष्ट्रीय आराखड्यांचे मसुदे आयोगाकडे देण्यासाठी त्याने १ सप्टेंबर २०२६ ही मुदत घातली.

या कायद्याचे अकरावे कलम आपण माझ्यापेक्षा बारकाईने वाचले असणार. माझ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शेतीसाठी निचरा केलेल्या पीटभूमीपैकी २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४० टक्के आणि २०५० पर्यंत ५० टक्के क्षेत्रावर पुनर्स्थापनेचे उपाय सुरू झाले पाहिजेत. ऐकायला भरघोस वाटते. पण या क्षेत्रापैकी प्रत्यक्ष पुन्हा ओले करायचे आहे ते पहिल्या टप्प्यात किमान एक चतुर्थांश आणि पुढच्या दोन टप्प्यांत किमान एक तृतीयांश. गुणाकार केला की २०३० साठी साडेसात टक्के हाती लागतात, २०४० साठी तेराच्या आसपास आणि २०५० साठी जेमतेम सतरा. शतकाच्या मध्यावरही निचरा झालेल्या शेतीच्या पीटभूमीचे सहापैकी पाच भाग कोरडे राहिले, तरी कायदा पाळला गेला असे आपल्याला म्हणता येईल.

माझी मागणी एकच आहे. जिथे पाण्याची पातळी वाढलेली नाही, तिथल्या कामाला आपल्या आराखड्यात पुनर्स्थापना म्हणू नका. कायदा म्हणू देतो, तरीही म्हणू नका. उरलेले पत्र हे का, एवढेच सांगण्यासाठी आहे.

पीट म्हणजे अर्धवट कुजून थांबलेल्या वनस्पतींचा थर. उत्तरेकडच्या थंड, ओल्या प्रदेशात तो बव्हंशी स्फॅग्नम नावाच्या शेवाळाने रचला. या शेवाळाच्या पानांत मोठमोठ्या मृत, पोकळ पेशी असतात. त्यांत ते आपल्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आम्लधर्मी करून टाकते. म्हणजे स्वतःला हवी तशी दलदल ते स्वतःच तयार करते आणि इतर वनस्पतींना तिथे राहणे अवघड करते. दरवर्षी वाढलेल्या वनस्पतींतला बहुतेक भाग वरच्याच थरात कुजून जातो. थोडा अंश पाण्याखाली दबतो आणि तिथे कुजणे इतके मंदावते की हजारो वर्षे तो टिकतो. १९५० मध्ये डेन्मार्कच्या पीटमध्ये सापडलेल्या टोलुंड मानवाच्या चेहऱ्यावर दाढीचे खुंट दिसत होते. त्याला मरून जवळपास २४०० वर्षे झाली होती.

थराची वाढ वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर, बहुधा त्याहूनही कमी. एक मीटर पीट म्हणजे हजारभर वर्षे. उत्तरेकडच्या पीटभूमींचे क्षेत्र सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातला कार्बन सुमारे ४१५ अब्ज टन, असा एक अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही अंदाज ५०० अब्ज टनांपर्यंत जातात. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेला कार्बन सुमारे ९०० अब्ज टन आहे. त्याच्या निम्म्याच्या आसपास कार्बन या ओल्या जमिनी धरून बसल्या आहेत. याला मुद्दल म्हणू. जिवंत पीटभूमी त्यावर दरवर्षी थोडेसे व्याज मिळवते. हवामानाच्या चर्चेत सगळे जण त्या व्याजाबद्दल बोलतात: अमुक दलदल वर्षाला किती कार्बन शोषते, तमुक किती. व्याज तुटपुंजे आहे. खरा प्रश्न मुद्दलाचा आहे, आणि मुद्दल वाहून नेणारे चर माणसाने खणलेले आहेत.

पाण्याखाली कुजणे का थांबते, याचे सरधोपट उत्तर ‘तिथे ऑक्सिजन नसतो’ असे आहे. ते बरोबर आहे, पण अर्धे. वेल्समधील बँगर विद्यापीठातील क्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली. पीटमध्ये फिनॉल वर्गातली संयुगे भरपूर असतात आणि ती कुजवणाऱ्या एन्झाइमांना निकामी करतात. या संयुगांना तोडणारे एक एन्झाइम आहे, फिनॉल ऑक्सिडेज. पण त्याला ऑक्सिजन लागतो. पाणी भरलेले असेपर्यंत ते स्वस्थ बसते, संयुगे साचत राहतात आणि बाकीची एन्झाइमे असूनही काम करू शकत नाहीत. दाराला आतून लावलेली ही कडी. पाणी खाली गेले, हवा आत शिरली की ती निघते.

पुढचा भाग अधिक काळजीचा. याच गटाने २०११ मध्ये दाखवले की दुष्काळात एकदा ही कडी निघाली की पाणी परत आले तरी कुजणे लगेच थांबत नाही. कार्बनची गळती बराच काळ चालू राहते. हा नियम सर्व पीटला सारखाच लागू पडतो असे मात्र नाही. लोह भरपूर असलेल्या पीटमध्ये हवा शिरल्यावर लोह ऑक्सिडाइज होऊन सेंद्रिय पदार्थाला धरून ठेवते आणि कुजणे काही प्रमाणात रोखते, असेही पुरावे आहेत. शास्त्रज्ञांत त्यावर वाद चालू आहे आणि तो चालू राहावा. आपल्यासाठी त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. वर्षातले सरासरी पाणी किती होते यापेक्षा उन्हाळ्याच्या कोरड्या आठवड्यांत ते किती खाली गेले, हा आकडा जास्त बोलका असतो. आराखड्यात वार्षिक सरासरी लिहून मोकळे होण्याची सोय आहे. ती घेऊ नका.

निचरा केल्यावर जमिनीचे काय होते ते पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही. आता आपल्या संघात नसलेल्या इंग्लंडमध्ये होम फेन नावाची जागा आहे. १८५० च्या सुमारास तिथल्या पीटमध्ये एक खांब गाडला गेला. त्याचा माथा जमिनीच्या पातळीत होता. आज तो जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच उभा आहे. खांब जिथल्या तिथेच आहे. खाली गेली ती जमीन: थोडी दबून, थोडी आकसून आणि बरीचशी वायू होऊन. जमीन खचली की पाणी पुन्हा वर येते, मग चर आणखी खोल करायचे, पंप आणखी चालवायचे, आणि पुन्हा जमीन खचते. नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांना हे मी सांगायला नको. शतकानुशतके हा पाठलाग त्यांनी केला आहे आणि आता जुन्या घरांच्या लाकडी पायांचे कुजणेही त्याच हिशेबात येते.

आता आकड्यांकडे येतो, कारण आराखडे शेवटी आकड्यांवर तपासले जातात. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०१३ मध्ये पाणथळ जमिनींसाठी हिशेबाची पूरक मार्गदर्शिका काढली. आपली बहुतेक खाती ती वापरतात. तिच्यानुसार निचरा केलेल्या पीटवर नांगरून पीक घेतले तर हेक्टरी वर्षाला सरासरी ७.९ टन कार्बन हवेत जातो, म्हणजे सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साइड. तीच जमीन समशीतोष्ण प्रदेशात खोल निचऱ्याचे कुरण असेल तर ६.१ टन कार्बन, म्हणजे सुमारे २२ टन कार्बन डायऑक्साइड. पाणी थोडे वर ठेवलेल्या कुरणात ३.६ टन कार्बन, म्हणजे १३ टन.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. पीक काढून गवत लावले, चर तसेच ठेवले, तर कपात एक चतुर्थांशाच्याही आत. पाणी थोडेच वर आणले तर निम्म्याहून जास्त. शेताचे कायमचे कुरण करणे हासुद्धा या कायद्यात पुनर्स्थापनेचा एक मार्ग मानला जाऊ शकतो. हिरवेगार दिसते, अहवालात फोटो छान येतो, शेतकरीही फारसा नाराज होत नाही. खाली मुद्दल मात्र २२ टनांच्या वेगाने जातच असते. अशा कुरणाला शेतीतला सुधार म्हणा, जैवविविधतेचा उपाय म्हणा; पुनर्स्थापित पीटभूमी म्हणू नका.

ब्रिटन-आयर्लंडमधल्या पीटभूमींची मोजमापे घेऊन ख्रिस एव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सिद्ध केली. जमीन कोणत्या वापराखाली आहे यापेक्षा पाणी किती खोल आहे हेच उत्सर्जन ठरवते. पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतका फायदा, आणि हे पातळी पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत चालते. धोरण लिहिणाऱ्याला याहून सोपी पट्टी कोण देणार? पूर्ण दलदल करणे शक्य नसेल तिथे वीस सेंटिमीटर वर आणा, पण तो आकडा लिहा.

कलमात आणखी एक पळवाट आहे. पुन्हा ओले करायच्या क्षेत्रापैकी काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, शेती सोडून इतर वापराखालच्या पीटभूमीतून भरून काढता येतो. फिनलंड आणि स्वीडनमध्ये याचा अर्थ जंगल. फिनलंडने आपल्या मूळ पीटभूमीपैकी सुमारे निम्मे क्षेत्र लाकडासाठी निचरा केले. १९६० आणि १९७० च्या दशकांत ते काम जोरात होते. त्यातल्या बऱ्याच जागी जमीन इतकी निकस निघाली की झाडे धड वाढलीच नाहीत. अशा जागी चर बुजवायला खर्च कमी, विरोध कमी. आराखडा लिहिणाऱ्याला मोह होणे स्वाभाविक आहे.

पण त्याच मार्गदर्शिकेत उत्तरेकडच्या निकस, निचरा केलेल्या जंगली पीटसाठी हेक्टरी ०.२५ टन कार्बन असा आकडा आहे. नांगरलेल्या शेतासाठी ७.९. तीसपटीहून जास्त फरक. क्षेत्राच्या रकान्यात दोन्ही एक हेक्टरच दिसतात. निकस जंगलातली दलदल परत आणू नये असे मी म्हणत नाही. पक्ष्यांसाठी, नदीच्या पाण्यासाठी ती जरूर आणावी. फक्त तिच्या आडून सुपीक, खोल निचऱ्याची, सर्वांत जास्त वायू सोडणारी शेते सुटू नयेत. आराखड्यात हेक्टरांच्या रकान्याशेजारी टनांचा रकाना घाला. लबाडी करायची इच्छा नसली तरी आपोआप होते, ती तिथे उघडी पडेल.

आता मिथेनचा आक्षेप. प्रत्येक बैठकीत तो येत असणार आणि तो खोटा नाही. जमीन पुन्हा ओली केली की ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. सुपीक पीटवर हे प्रमाण हेक्टरी वर्षाला सरासरी आठ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे धरले जाते आणि सुरुवातीच्या वर्षांत, विशेषतः जमिनीवर पाणी तुंबवले तर, ते बरेच वाढू शकते. पण २९ टनांसमोर आठ टन ठेवून पाहा. शिवाय मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे राहतो. दरवर्षी तेवढाच सुटत राहिला तर काही दशकांत हवेतले त्याचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो थरावर थर चढत जातो. २०२० मध्ये आन्के ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी या दोन्हींची भविष्यातली बेरीज मांडली, तेव्हा लवकर ओले करणे हाच कमी तापमानवाढीचा मार्ग ठरला. उशीर केला तर मिथेन टळत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. दरम्यानचा कार्बन डायऑक्साइड मात्र कायमचा वर जातो. मिथेन कमी ठेवायचा असेल तर पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवावे, सुपीक वरचा थर काढता आला तर काढावा. हे उपाय ठाऊक आहेत. आक्षेपाचा उपयोग काम चांगले करण्यासाठी व्हावा, ते लांबवण्यासाठी नव्हे.

घाई का, हेही सांगतो. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला एका दलदलीत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तिथल्या वन सेवेने उघड्या छताच्या मोठ्या कोठड्या उभारल्या आहेत. त्यांत हवा आणि खालचे पीट, दोन्ही सव्वादोन ते नऊ अंशांपर्यंत जास्त तापवले जाते. काही कोठड्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवला जातो. खोल पीट तापवायला २०१४ मध्ये सुरुवात झाली. पहिल्या काही महिन्यांतले निष्कर्ष दिलासा देणारे होते: खोलातला जुना कार्बन हलला नाही, वाढलेला मिथेन वरच्या ताज्या थरातून आला. पुढची वर्षे तशी गेली नाहीत. जास्त तापलेल्या कोठड्यांत स्फॅग्नम मागे हटला, झुडपे वाढली आणि जिथे कार्बन साठत होता तिथून तो, साठण्याच्या वेगाच्या कित्येक पटींनी, निघू लागला. ही निचरा न झालेली, निरोगी दलदल होती. चर खणलेल्या जमिनीकडे तर तेवढीही सहनशक्ती नाही.

अतिउत्तरेला गोठलेले पीट आहे, उत्तरेकडच्या पीटभूमीचे जवळपास निम्मे क्षेत्र. २०२२ च्या एका अभ्यासानुसार उत्सर्जन कितीही जोरात कमी केले तरी उत्तर युरोपात गोठलेले पीट टिकवणारे हवामान २०४० पर्यंत उरणार नाही. तिथे बांध घालून काही होत नाही, वितळणाऱ्या बर्फाला बुजवता येईल असा चर नसतो. म्हणून जिथे चर आहेत तिथली टाळाटाळ मला अधिक खटकते. दोन्ही कार्बन एकाच हवेत जाणार आहेत. त्यांतला एकच आपल्या खात्याच्या आदेशाने थांबू शकतो.

आगीबद्दल थोडेच. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोभोवतीचे निचरा केलेले पीट आठवडेच्या आठवडे धुमसत राहिले आणि शहरावर धुराची चादर पसरली. त्यानंतर त्याच प्रशासनाने भराभर हजारो हेक्टर पीट पुन्हा ओले केले. पैसा आणि यंत्रे तेव्हाही होती. घाई धुरानंतर सुचली.

आता शेतकऱ्यांकडे वळतो, कारण सर्वांत अवघड गाठ तिथेच आहे. जमीन ओली करणे शेतकऱ्यासाठी ऐच्छिक राहील असे कायदा स्पष्ट म्हणतो. ते योग्यच आहे. ज्यांच्या आजोबांना सरकारनेच चर खणायला पैसे दिले, त्यांच्यावर आता एकाएकी बडगा उगारणे अन्यायाचे होईल. पण पाणी सातबारा पाहून थांबत नाही. एका शेतकऱ्याने होकार दिला आणि शेजाऱ्याने नकार, तर एकाच्या बांधाने दुसऱ्याचे कुरण चिबडते. म्हणून एकेका अर्जदाराला पैसे देण्याची पद्धत इथे फसते. संपूर्ण पाणलोट एकत्र घेऊन बोलणी करावी लागतील, जमिनींची अदलाबदल करावी लागेल, काही ठिकाणी सरकारला जमीन विकत घ्यावी लागेल. लव्हाळी, बोरू, रामबाण यांसारखी ओल्या जमिनीतली पिके बांधकामाच्या फळ्यांसाठी आणि उष्णतारोधक साहित्यासाठी घेता येतात. शेतात वाढवलेले स्फॅग्नम कुंड्यांतल्या पीटची जागा घेऊ शकते. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधकांनी यावर बरीच वर्षे काम केले आहे. पण या मालाला बाजार अजून कच्चा आहे, आणि तो शेतकऱ्याने उभा करावा ही अपेक्षा चुकीची आहे. दुसरीकडे, निचरा केलेल्या पीटवरच्या शेतीलाही हेक्टरी अनुदान मिळतच राहते. जर्मनीच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे सात टक्के अशा जमिनींतून येतात. एका हाताने चर कोरडा ठेवायला पैसे आणि दुसऱ्या हाताने तो बुजवायला पैसे, हा हिशेब आपल्या अर्थखात्यांनाच मांडून दाखवावा लागेल.

आयोगातल्या मंडळींना स्वतंत्र विनंती आहे. मसुदा तपासताना किती हेक्टर हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: उन्हाळ्यातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात पाणी पृष्ठभागापासून किती सेंटिमीटर खाली असेल, ते कोण मोजेल आणि ते मोजमाप कुठे प्रसिद्ध होईल. ज्या देशाकडे याचे उत्तर नाही त्याचा मसुदा परत पाठवा. सुधारून देण्यासाठी कायद्यात वेळ ठेवलेला आहे.

आणि आराखडे लिहिणाऱ्यांनो, परिशिष्टात चरांचा नकाशा जोडा. कोणता चर कोणत्या वर्षी बुजवणार, कोणता राहणार आणि का राहणार, एवढे तीन रकाने पुरे आहेत. तो नकाशा लोकांसाठी खुला ठेवा, म्हणजे माझ्यासारखे दूरचे वाचकही तो पाहू शकतील.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक